शालक स्क्वाडमध्ये आला, रँक खाली गेला

पत्र थोडक्यात असं. भुसावळचे एक वाचक, वय २८, नुकतंच लग्न झालेलं. रात्री दुकान बंद झालं की दहाच्या सुमारास तीन मित्रांबरोबर बीजीएमआय, म्हणजे पब्जी मोबाइलची भारतातली आवृत्ती, खेळतात. चौघेही जुने, क्राउन या वरच्या रँकच्या आसपासचे. त्यातला एक कामासाठी सुरतेला गेला, त्याची शिफ्ट रात्रीची, म्हणून चौथी जागा रिकामी झाली. ती त्यांनी शालकाला दिली. तो १९ वर्षांचा, सावद्याकडचा, गेम डाउनलोड करून जेमतेम महिना झालेला. ते लिहितात : 'पहिल्या पाच-सात मिनिटांत मरतो आणि मग गप्प बसून राहतो. मित्र माइकवर ओरडतात, नूब (कच्चा नवखा) म्हणतात. परवा एकाने त्याला न सांगता लॉबीतून, म्हणजे मॅचआधी संघ जमतो तिथून, काढलं आणि रँडम (अनोळखी खेळाडू) घेऊन मॅच लावली. तो मला काही बोलला नाही, पण बहिणीला सांगितलं, घरात विषय निघाला. मी तर त्याला सगळी चांगली लूट (मॅचमध्ये सापडलेल्या बंदुका, औषधं) देतो, मागे सेफ ठेवतो, तरी तेच. या गेममध्ये शिव्या खाल्ल्याशिवाय कोणी शिकत नाही, आम्हीही तसेच शिकलो. त्याला ठेवू की काढू? काढायचं तर नातं न बिघडता कसं सांगू?'

भाऊ, ठेवू की काढू हे नंतर बघू. आधी तुमचं 'आम्हीही तसेच शिकलो' हे वाक्य तपासू, कारण पत्रातलं बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे.

पब्जी मोबाइल आला २०१८ मध्ये. तुम्ही तेव्हा सुरू केलं असेल तर आठवून बघा, लॉबीतल्या, म्हणजे एका मॅचला जमलेल्या, शंभर जणांत पक्के किती होते? समोरचाही तुमच्यासारखाच दार उघडं टाकून घरात लपत होता आणि उभ्याउभ्या मलमपट्टी करत होता. तुम्ही चुकायचात, तोही चुकायचा, अधूनमधून एखादा किल तुमच्या पदरात पडायचा. मग सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आला, जुलै २०२२ मध्ये तोही स्टोअरवरून गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. एवढ्या येरझारांनंतरही जे खेळत राहिले, ते हाडाचे खेळाडू आहेत. तुमचा शालक त्यांच्यात आज उतरला आहे. तुम्हाला शिकायला जे सोपे दिवस मिळाले, ते त्याला मिळालेलेच नाहीत.

शिवाय शिव्या खाऊन ज्यांनी गेम सोडून दिला, ते तुमच्या लॉबीत हे सांगायला येत नाहीत. टिकलेले चौघे म्हणतात, 'आम्ही शिव्यांनी शिकलो.' शिव्या असूनही शिकलो, असंही ते असू शकतं.

आता पाच-सात मिनिटांत मरण्याचं कारण. रँक्ड मॅच लावताना गेम स्क्वाडची पातळी पाहतो. तो एकटा खेळला असता तर त्याच्या पातळीच्या लॉबीत बॉट, म्हणजे गेमच चालवतो ते खोटे खेळाडू, भरपूर मिळाले असते, सरळ रेषेत पळणारे, नेम चुकवणारे. तिथे नवा माणूस दोन-चार किल करतो, त्याचा हात बसतो, धीर येतो. तुमच्याबरोबर आला की समोर तुमच्या तोडीचे लोक येतात. म्हणजे त्याचं मरण ही त्याच्या अकलेची परीक्षा नाही, तुम्ही निवडलेल्या मॅचचा तो परिणाम आहे. रँक पडला तोही त्या निवडीमुळेच. आणि सीझन संपला की रँक तसाही खाली येतो, हे तुमच्या त्या ओरडणाऱ्या मित्राला मी वेगळं सांगायला नको.

तुम्ही प्रेमाने करता त्या दोन गोष्टीही त्याच्या आड येत आहेत, असं मला वाटतं.

पहिली गोष्ट लूट देण्याची. तुम्ही लेव्हल तीनचं हेल्मेट-व्हेस्ट आणि तयार एम४१६ त्याच्यापुढे टाकता. त्याला मात्र कोणत्या बंदुकीला कोणती गोळी लागते, मझल, ग्रिप, मॅगझिन, स्टॉक हे बंदुकीचे जोड कशासाठी, हे कळतच नाही. मग तुम्ही नॉक झालात (कोसळलात, पण अजून मेला नाहीत) की तो बॅगेत ७.६२ च्या गोळ्या भरत बसतो आणि हातात ५.५६ ची बंदूक असते. त्याला लूट देऊ नका, यादी द्या. एक एम४१६, १८० गोळ्या ५.५६ च्या, चार-पाच फर्स्ट एड, एनर्जी ड्रिंक आणि पेनकिलर मिळून चार, स्मोक (धुराचे ग्रेनेड) तीन. हे जमलं की घर सोडायचं, वर एक खोली उरली असली तरी सोडायचं. नव्यांचा सर्वांत मोठा वेळखाऊपणा हाच, बॅग भरूनही ते लुटतच राहतात आणि झोन, म्हणजे आकसत येणारा घेरा, ज्याच्या बाहेर राहिलं की मार बसतो, मागे येऊन ठेपतो. पहिल्या झोनचा मार सोसवतो, पुढच्या झोनांचा नाही, हेही त्याला तेव्हाच सांगा.

दुसरी गोष्ट मागे ठेवण्याची. तुम्हाला ते सुरक्षित वाटतं, पण शत्रूच्या नजरेने बघा. तिघे पुढे गटाने, एक शंभर मीटर मागे एकटा. कोणावर हात टाकणं सोपं? त्याला मागे ठेवू नका, जोडीला घ्या. दोन-दोनच्या जोड्या करा. त्याने तुमच्यापासून १५-२० मीटरवर राहायचं, तुम्ही झाडामागे तर तो शेजारच्या दगडामागे. तुमच्यावर गोळी आली तर त्याला ती कुठून आली ते दिसावं, त्याच्यावर आली तर तुम्हाला. एकाच झाडामागे दोघे मात्र कधीच नको. एका ग्रेनेडमध्ये जोडी जाते.

मुख्य मुद्दा सरावाचा आहे आणि तो साध्या हिशेबाचा आहे. क्लासिक, म्हणजे शंभर जणांची नेहमीची मॅच, अर्ध्या तासाची. त्यात नव्या माणसाला खरी गोळीबारी किती मिळते? एक, फार तर दोन, आणि त्यातलीही दुसरी मरण्याची. रात्रभरात तीन मॅच म्हटल्या तरी चार-पाच चकमकी. उलट टीडीएम (टीम डेथमॅच) घ्या. चार विरुद्ध चार, जो संघ आधी ४० किल करेल तो जिंकला, नाहीतर दहा मिनिटांत खेळ संपला. मेलं की काही सेकंदांत पुन्हा उभं. त्या दहा मिनिटांत त्याला पंधरा-वीस चकमकी मिळतात आणि मरण्याची लाज वाटत नाही, कारण तिथे सगळेच मरतात. त्याला महिनाभर क्लासिकमध्ये जे मिळालं, ते टीडीएममध्ये आठवड्यात मिळेल.

त्याच्याही आधी ट्रेनिंग ग्राउंड. एम४१६ घ्यायला सांगा, वीस पावलांवरची भिंत, ३० गोळ्यांचं मॅगझिन न थांबता रिकामं करायचं आणि गोळ्या भिंतीवर कशा वर चढत जातात ते बघायचं. मग अंगठा हळूहळू खाली ओढत तेच करायचं. रोज दहा मॅगझिन. खुणा एका ताटाएवढ्या जागेत यायला लागल्या की लांबचं जवळ दाखवणारा स्कोप लावायचा, तोवर साधा रेड डॉटच. हे काम तो एकटा करू शकतो, तुम्ही सोबत असायची गरज नाही.

आता माइक. इथे तुमचे मित्र आणि तुम्ही, दोघांचंही चुकतं आहे. तो गोळीबारीत असताना तिघे एकाच वेळी बोलतात : 'मागे ये, वर जा, स्मोक टाक, अरे मार ना!' त्या गोंगाटात त्याला पावलांचा आवाज ऐकू येत नाही, आणि नव्या खेळाडूला दिसण्याआधी ऐकू येणं जास्त कामाचं असतं. लढाई चालू असताना फक्त तीन गोष्टी बोलायच्या : दिशा, आडोसा, किती जण. '२८५, लाल छताचं घर, दोन.' बस. दिशा म्हणजे स्क्रीनवरच्या होकायंत्राचा आकडा. नवी पोरं घाबरली की 'तठे शे, तठे शे!' एवढंच ओरडतात. अहिराणीत बोलायला काही हरकत नाही, उलट घरच्या बोलीत शब्द लवकर सुटतो, फक्त 'तठे'च्या आधी आकडा यायला हवा. आकडा सुचला नाही तर मार्कर (सगळ्यांना दिसणारी खूण) टाकायचा. पहिल्या आठवड्यात त्याच्याकडून एवढीच अपेक्षा ठेवा. किल नको, रिव्हाइव्ह (नॉक झालेल्याला उचलणं) नको, आकडा सांगायचा. आकडे सांगणारा नवखा हा गप्प बसणाऱ्या क्राउनवाल्यापेक्षा स्क्वाडच्या जास्त उपयोगी पडतो, हे मित्रांनाही दोन दिवसांत दिसेल.

शिकवायचं लढाईच्या आधी आणि लढाईनंतर. मेल्यावर 'का मेलास?' हा प्रश्न विचारू नका. त्याला उत्तर माहीत असतं तर तो मेला नसता. सेटिंगमध्ये डेथ रिप्ले चालू करून ठेवा आणि तो एकदा बघायला लावा, मारणारा कुठे उभा होता एवढंच शोधायला सांगा. नंतर तो तुमचा खेळ बघत असेल तेव्हा त्याला गप्प बसू देऊ नका. झोन कुठे आहे, गाडी कुठे ठेवली, कोण कोणाला कव्हर देतो आहे, हे त्याच्याकडून बोलवून घ्या. एका मॅचला एकच गोष्ट दुरुस्त करायची. सात चुका दिसल्या तरी सहा गिळायच्या. हे तुम्हाला जड जाईल, पण तेवढंच लक्षात राहतं.

कोणती गोष्ट आधी? माझा क्रम असा. आधी औषधाचं. फर्स्ट एड ७५ पर्यंतच नेतं, त्यावरचं ड्रिंक आणि पेनकिलरने भरायचं, हे कित्येक नव्यांना ठाऊक नसतं. ते दुसरं फर्स्ट एड लावायला बघतात आणि चालत का नाही म्हणून उघड्यावर थांबतात. मग रिव्हाइव्ह. त्याला दहा सेकंद लागतात आणि त्या दहा सेकंदांत दोघांचंही डोकं एका जागी असतं. म्हणून आधी स्मोक, तो पसरेपर्यंत थांबायचं, मग उचलायचं. स्मोक नसेल तर नॉक झालेल्याने आडोशाला सरपटत यायचं, उचलणाऱ्याने उघड्यावर जायचं नाही. नवा मुलगा जीव तोडून जिजाजींना उचलायला धावतो आणि दोघे जातात, असं तुमच्याकडे नक्की होत असणार. त्याला त्याबद्दल ओरडा बसत असेल तर तो पुढच्या वेळी धावणारच नाही. मग उतरणं. विमानातून त्याला सतत 'फॉलो' करायला लावू नका, नाहीतर कुठे, कधी उडी मारायची हे तो कधीच शिकणार नाही. त्याच्या मॅचमध्ये जागा त्याने निवडायची. पोचिंकी, स्कूल या गर्दीच्या जागा नकोत. एरँगलच्या नकाशात झारकी किंवा कामेश्कीसारखं कोपऱ्यातलं गाव घ्या, फक्त तिथून झोन बहुधा लांब पडतो, म्हणून बंदुकीआधी गाडी बघून ठेवायची.

लेआउट (स्क्रीनवरच्या बटणांची मांडणी) आणि सेन्सिटिव्हिटीचं (बोट फिरवल्यावर नजर किती वळते त्याचं) एक. तुमचा चार बोटांचा लेआउट किंवा यूट्यूबवरच्या कोणाचा कोड त्याच्या फोनमध्ये टाकला असेल तर आधी काढा. महिनाभराच्या खेळाडूला दोन अंगठे पुरतात. आणि त्याच्या फोनमध्ये जायरोस्कोप (फोन हलवून नेम धरता येतो तो सेन्सर) आहे का ते बघा. स्वस्त फोनमध्ये कधी कधी नसतो, मग जायरोचे सगळे आकडे फुकट.

फोनचा विषय निघालाच आहे तर, त्याच्या चुकांपैकी निम्म्या फोनच्या नाहीत ना हे तपासा. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला जातो, रात्री दहालाही भिंती तापलेल्या असतात. फोन गरम झाला की प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो, फ्रेम अडकतात, आणि नेमकी गोळीबारीत स्क्रीन उडी मारते. कव्हर काढून खेळायचं, चार्जिंगला लावून खेळायचं नाही, ग्राफिक्स 'स्मूद'वर, फोन पंख्याच्या वाऱ्यात. हा सल्ला तुमच्या क्राउनवाल्या मित्रांनाही लागू आहे. मग पिंग, म्हणजे नेटवरून गेमपर्यंत जाऊन यायला लागणारे मिलिसेकंद. शंभरच्या आत असेल तर ठीक, दीडशेच्या वर गेलं की तो भिंतीआड पोचल्यावरही मरतो आणि आपण काय चुकलो हे त्याला कधीच कळत नाही. केळीच्या बागांमधल्या गावात रात्री टॉवरवर गर्दी असते. तो घरात कोणत्या खोलीत बसतो यानेही फरक पडतो. ब्लूटूथ इअरफोन असेल तर वायरचा घ्यायला सांगा, ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोचतो आणि पावलं दोन पावलं मागची ऐकू येतात.

आता माणसांचं.

तो गप्प का बसतो याचा अर्थ तुम्ही 'इंटरेस्ट नाही' असा लावला असेल तर जरा थांबा. तिघे त्याच्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे, त्यातले एक जिजाजी. तो उलट काय बोलणार? शालकाची थट्टा करायचा हक्क आपल्याकडे जिजाजीला असतो, तो जिजाजीच्या मित्रांना आपोआप मिळत नाही. तुम्ही चिडवलंत तर तो हसेल. मित्राने तेच शब्द वापरले आणि तुम्ही गप्प राहिलात, तर त्याला वाटणार की जिजाजींनाही तसंच वाटतं. म्हणून मित्रांशी बोलणं तुमचंच काम आहे, आणि ते तो माइकवर नसताना करायचं. 'त्याला बोलायचं असेल तर मॅच संपल्यावर, आणि मी बोलेन.' एवढं पुरे, भाषण नको.

आणि त्याला एकदा सरळ विचारा की तुला गेममध्ये नेमकं काय हवं आहे. तुम्ही धरून चालला आहात की त्याला रँक हवा आहे. कदाचित हवाही असेल. पण ताई सासरी गेली, घरात तो एकटा उरला, आणि रात्री तासभर जिजाजींच्या आवाजात बसायला मिळतं म्हणून तो येत असेल, हीही शक्यता आहे. तसं असेल तर त्याला क्राउनपर्यंत ओढत न्यायचा तुमचा सगळा आटापिटा त्याच्यासाठी ओझं आहे.

आता तुमचा प्रश्न. माझं मत : रँक्ड स्क्वाडमधून त्याला सध्या काढा, तुमच्या खेळातून काढू नका. आठवड्यात दोन रात्री त्याच्या ठरवा. आधी दोन टीडीएम, मग एक अनरँक्ड क्लासिक, आणि त्यात उतरायची जागा त्याची. बाकीच्या रात्री तुम्ही रँक खेळा, मन मारून त्याला सोबत नेऊ नका, तो राग शेवटी त्याच्यावरच निघतो. त्या रात्री त्याने त्याच्या पातळीच्या मॅच त्याच्या वर्गातल्या मुलांबरोबर खेळाव्यात. हे बहिणीमार्फत सांगू नका, लॉबीत तर नाहीच. फोन करा : 'परवा तुला न सांगता काढलं ते चूक झालं. रँकच्या मॅच तुला आत्ता जड जातात, म्हणून मंगळवार आणि शनिवार आपल्या दोघांचे. बाकीच्या दिवशी आम्ही रँक लावू, तू ऑनलाइन दिसलास आणि बोलावलं नाही तर वाईट वाटून घेऊ नकोस.' आधी सांगितलेलं वगळणं आणि लॉबीत अचानक झालेलं वगळणं, यांत फार फरक असतो. महिना-दीड महिन्याने तो आकडे नीट सांगतो, स्मोक टाकून उचलतो, जोडीला राहतो, एवढं दिसलं की रँकमध्ये घ्या. किल मोजू नका.

ज्यांचा नवखा घरातला नसून रँडम येतो त्यांच्यासाठी थोडं. अनोळखी नवा खेळाडू चुकला म्हणून त्याच्यावर गोळी झाडणं, त्याच्यावर गाडी घालणं हे करू नका. टीममेटला मारलं की मेरिट (वागणुकीचे गुण) कटतं, आणि ते फार खाली गेलं की स्क्वाडच खेळता येत नाही. मॅच अर्धवट सोडू नका. त्याचा माइक नको असेल तर म्यूट करा, मार्कर टाकत राहा. मुलीचा आवाज ऐकून 'आयडी दे' सुरू करणारे आपल्याकडे कमी नाहीत. नव्या मुली माइक बंद ठेवतात त्याचं कारण हे आहे, त्यांना खेळ येत नाही हे नाही. स्क्वाडमधल्या जुन्याने तिथल्या तिथे 'खेळावर बोल भो' म्हटलं तरी बराच फरक पडतो. खालच्या पातळीच्या लॉबीत किल गोळा करायला दुसरी आयडी काढणाऱ्यांबद्दल मला काही चांगलं बोलता येणार नाही. नव्याचा पासवर्ड घेऊन 'तुझा रँक मी पुश करून देतो' हे तर मैत्रीतही नको, आयडी गेली तर परत मिळवताना नाकी नऊ येतात. आणि नवा खेळाडू १८ च्या आतला असेल तर गेममध्ये पालकांच्या फोनवर ओटीपी आणि वेळेची मर्यादा आहे. ती चुकवायची युक्ती मोठ्याने शिकवू नये.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण येणार आहे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सुरतेचा मित्र गावी येईल, तुम्ही स्वतः एक-दोन दिवस सावद्याला असाल, आणि माणसं पाच, जागा चार. 'ज्याचा पहिला नॉक तो पुढच्या मॅचला बाहेर' असा नियम कोणीतरी हमखास काढेल. तो लावू नका, त्यात दर वेळी शालकच बाहेर बसेल. क्रमाने एकेकाने एक मॅच सोडायची, सुरुवात तुमच्यापासून. तुम्ही बाहेर असाल त्या मॅचला त्याच्या शेजारी बसा, आणि कितीही सुरसुरी आली तरी त्याच्या हातातला फोन घेऊ नका.